एकच रोखा, दोन किमती

प्रश्न : माझ्याकडे दोन बँकांचे थोडे शेअर आहेत, म्हणून त्यांचे वार्षिक अहवाल वाचतो. एकच सरकारी रोखा बँकेच्या वहीत एका ठिकाणी खरेदीच्या भावाने आणि दुसऱ्या ठिकाणी बाजारभावाने लिहिलेला असू शकतो, असं कळलं. हे खरं का? असेल, तर खरी किंमत कोणती धरायची? आणि तोटा लपवायची ही सोय नाही का?
– एक भागधारक, सातारा

उत्तर : हो, हे खरं आहे आणि नियमाला धरून आहे. बाजारात रोख्याला एका वेळी एकच भाव असतो. वहीत त्याची किंमत कोणती लिहायची, हे मात्र बँकेने तो कशासाठी घेतला यावर ठरतं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही, म्हणून आधी तोटा येतो कुठून ते पाहू.

सरकार पैसे बुडवणार नाही, तरीही सरकारी रोख्याची किंमत रोज हलते. समजा, बँकेने दहा वर्षं मुदतीचा, 7 टक्के व्याजाचा रोखा शंभर रुपये दर्शनी किमतीला घेतला आणि त्यानंतर लगेच बाजारातला दर 8 टक्के झाला. नव्या रोख्यावर 8 टक्के मिळत असताना हा 7 टक्क्यांचा रोखा शंभराला कोणी घेणार नाही. सहामाही व्याज धरून हिशेब केला, तर त्याला 93 रुपये 20 पैसे मिळतील. शंभर कोटींचे रोखे असतील तर 6 कोटी 80 लाखांची घट.

आता बँकेने तो विकलाच नाही असं धरू. दर 8 टक्क्यांवरच अडकून राहिला, तरी पाच वर्षं उरली असताना त्याची किंमत 95 रुपये 94 पैसे होते, एक वर्ष उरलं की 99 रुपये 6 पैसे, आणि मुदत संपली की सरकार शंभर रुपये हातात ठेवतं. वहीतली घट भरून निघाली. पण ती सगळी वर्षं बँकेने बाजारापेक्षा एक टक्का कमी व्याज घेतलं, हे विसरू नका. म्हणजे तोटा कुठेच गेला नाही. एका दिवशी अंगावर यायचा तो वर्षावर्षाने कमी उत्पन्नाच्या रूपात सोसला गेला. गुंतवणुकीच्या हिशेबातले सगळे वाद हा तोटा कधी आणि कुठे दाखवायचा याचे आहेत. तो झाला की नाही, याबद्दल वाद नाही.

रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांसाठी 12 सप्टेंबर 2023 रोजी नवे निर्देश काढले आणि ते 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले. त्यात तीन गट आहेत. पहिला एचटीएम, म्हणजे हेल्ड टू मॅच्युरिटी, मुदत संपेपर्यंत सांभाळायचे रोखे. दुसरा एएफएस, अव्हेलेबल फॉर सेल. व्याजही घ्यायचं आणि गरज पडली तर विकायचेही, असे रोखे इथे येतात. या दोन्हींना एक अट सारखीच आहे : ठरलेल्या तारखांना फक्त मुद्दल आणि व्याज मिळणार असेल, तरच रोखा इथे बसतो. उरलेलं सगळं तिसऱ्या गटात, एफव्हीटीपीएलमध्ये (फेअर व्हॅल्यू थ्रू प्रॉफिट अँड लॉस) जातं. खरेदी-विक्रीतून नफा कमवायला घेतलेल्या रोख्यांचा एचएफटी, म्हणजे हेल्ड फॉर ट्रेडिंग, हा त्याचाच पोटगट.

एचटीएममधला रोखा खरेदीच्या किमतीने राहतो आणि बाजारभावाची उठाठेव करावी लागत नाही. मात्र शंभराचा रोखा 104 ला घेतला असेल आणि आठ वर्षं उरली असतील, तर वरचे चार रुपये दर वर्षी 50 पैशांनी छाटत जायचे, म्हणजे शेवटी वहीत बरोबर शंभर उरतात. शंभराच्या खाली घेतलेल्या रोख्याची किंमत तशीच वर चढवत न्यायची. पूर्वीच्या नियमात फक्त वरची किंमत छाटायची सक्ती होती. आता दोन्ही बाजूंना एकच न्याय आहे.

एएफएसमधल्या रोख्यांचं किमान दर तिमाहीला बाजारभावाने मूल्यांकन होतं. आलेली वाढ किंवा घट नफा-तोटा पत्रकात जात नाही. कर वजा करून ती थेट ताळेबंदातल्या एएफएस राखीव निधीत जाते. हा निधी बँकेच्या मूळ भांडवलात धरला जातो, म्हणून घट झाली की भांडवल तेवढं कमी दिसतं. वाढ झाली तर तिच्यावर लाभांश वाटता येत नाही, आणि हे योग्यच आहे, कारण कागदावरच्या नफ्यावर भागधारकांना रोख पैसे देणं म्हणजे ठेवीदारांच्या पैशाशी खेळ आहे. रोखा विकला की निधीत साठलेली वाढ किंवा घट उचलून नफा-तोट्यात घेतात. एफव्हीटीपीएलचं सरळ आहे, तिथला चढउतार थेट नफा-तोट्यात जातो आणि एचएफटी पोटगटाचा हिशेब तर रोजच्या रोज होतो.

2024 पूर्वीच्या नियमात एएफएस आणि एचएफटीची निव्वळ घट झाली, तर तरतूद करावी लागे, पण निव्वळ वाढ झाली, तर तिच्याकडे काणाडोळा करावा लागे. सावधगिरी म्हणून ते पटण्यासारखं होतं, तरी अशा वहीतून बँकेची खरी स्थिती कळत नसे. नवी पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते.

आता एका व्यवहाराकडे जवळून पाहू. '7.18 जीएस 2033' या नावाचा केंद्र सरकारचा रोखा 14 ऑगस्ट 2033 ला परत मिळणार आहे, आणि व्याज दर वर्षी 14 फेब्रुवारी आणि 14 ऑगस्टला मिळतं. समजा, एका बँकेने 14 मे 2024 च्या सेटलमेंटने या रोख्यात शंभर कोटी गुंतवले, आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून भाव शंभर रुपये धरू. फेब्रुवारीपासूनचं तीन महिन्यांचं व्याज विकणाऱ्याच्या वाट्याचं, म्हणून बँक त्याला 100 कोटींबरोबर 1 कोटी 79 लाख 50 हजार वेगळे देते. हे खंडित काळाचं व्याज खरेदीच्या किमतीत मिसळायला मनाई आहे. वहीत रोखा 100 कोटींनाच येतो आणि 1.795 कोटी नफा-तोट्याच्या बाजूला जातात. ऑगस्टमध्ये पूर्ण सहामाहीचं 3 कोटी 59 लाख व्याज येतं, तेव्हा बँकेची खरी कमाई उरलेली निम्मी. हे पैसे किमतीत ढकलायची मुभा असती, तर रोख्याची किंमत फुगली असती आणि व्याजाचं उत्पन्नही दुप्पट दिसलं असतं.

याच व्यवहारात कागदावर आणखी एक नोंद होते : हा रोखा कोणत्या गटाचा? ती खरेदीच्या वेळीच करायची असते. भाव पडल्यावर एएफएसमधला रोखा गुपचूप एचटीएममध्ये सरकवता येत नाही. गट बदलायचा तर संचालक मंडळाची आणि आधी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. एचटीएममधून विक्रीलाही लगाम आहे. वर्षाच्या सुरुवातीला त्या गटात जेवढी गुंतवणूक असेल, तिच्या 5 टक्क्यांपर्यंतच बँक आपल्या मर्जीने विकू शकते. रिझर्व्ह बँकेलाच खुल्या बाजारातल्या खरेदीत विकलं, तर ते या मर्यादेत धरत नाहीत. विक्रीत नफा झाला, तर तो भांडवली राखीव निधीत टाकावा लागतो. आणि रोखे काढणाऱ्या कंपनीने व्याज किंवा मुद्दल 90 दिवसांहून जास्त थकवलं, तर रोखा कोणत्याही गटातला असो, तरतूद करावीच लागते. एचटीएमचं पांघरूण फक्त व्याजदराच्या हालचालीपुरतं आहे.

म्हणून 'खरी किंमत कोणती' याचं माझं उत्तर असं : आज विकायचा असेल तर बाजारभाव खरा, आणि शेवटपर्यंत ठेवण्याची ताकद असेल तर खरेदीची किंमतही तितकीच खरी. अट ताकदीची आहे. नुसता इरादा पुरत नाही.

या शिस्तीला एकदा आपल्याकडे ढील दिली गेली, याची आठवण ठेवावी असं मला वाटतं. 2017 च्या उत्तरार्धात आणि 2018 च्या सुरुवातीला दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा साधारण साडेसहा टक्क्यांवरून साडेसातच्या पलीकडे गेला आणि बँकांच्या रोख्यांना मोठा फटका बसला. तेव्हा 2 एप्रिल 2018 रोजी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2017 आणि मार्च 2018 या दोन तिमाहींतला तोटा चार तिमाहींपर्यंत वाटून दाखवायची सवलत दिली. त्याच वेळी पुढच्या घटीसाठी नफ्यातून गुंतवणूक चढउतार निधी उभारायला सांगितलं, हे पाऊल चांगलं होतं. सवलत मात्र मला पटत नाही. झालेला तोटा पुढच्या तिमाहीत दाखवला, की त्या तिमाहीतला ठेवीदार आणि भागधारक चुकीचं चित्र पाहून निर्णय घेतो.

प्रश्न : अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक रोख्यांमुळेच बुडाली ना? मग सरकारी रोखे सुरक्षित कसे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ती बँक बुडाली तेव्हा तिच्याकडचे बहुतेक रोखे सरकारी किंवा सरकारी हमीच्या गृहकर्जांचे होते. पैसे बुडणार ही भीती कोणाला नव्हतीच. 2022 च्या मार्चपर्यंत जवळपास शून्यावर असलेला दर अमेरिकी फेडरल रिझर्व्हने वर्षभरात साडेचार टक्क्यांच्या वर नेला आणि लांब मुदतीच्या रोख्यांचे भाव कोसळले. 2022 च्या शेवटी या बँकेने एचटीएममध्ये सुमारे 91 अब्ज डॉलर दाखवले होते. त्यांचा बाजारभाव होता सुमारे 76 अब्ज. तफावत 15 अब्जांची आणि बँकेचं एकूण स्वभांडवल 16 अब्जांच्या आसपास. ही माहिती गुप्त नव्हती. ताळेबंदाच्या पहिल्याच पानावर, एचटीएमच्या ओळीत, कंसात बाजारभाव छापलेला होता. पण कंसातला आकडा बेरजेत येत नाही, म्हणून फार थोड्यांनी त्याकडे पाहिलं.

ठेवीदार पैसे काढू लागले तेव्हा बँकेने एचटीएमला हात लावला नाही, कारण अमेरिकी हिशेबनियमांत त्यातले काही रोखे विकले की उरलेल्या सगळ्यांवरचं एचटीएमचं कवच निघून जातं. तिने एएफएसमधले सुमारे 21 अब्ज डॉलरचे रोखे विकले आणि 8 मार्च 2023 रोजी करोत्तर 1.8 अब्जांचा तोटा जाहीर केला. दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी 42 अब्ज डॉलर काढले. 10 मार्चला बँक बंद झाली. मुदतीपर्यंत धरायचा इरादा खराच असेल, पण ठेवीदार थांबले नाहीत, तर तो कोण पाळणार?

आपल्या आणि त्यांच्या नियमांत एक मोठा फरक आहे. त्या बँकेला एएफएसमधली न विकलेली घट नियामक भांडवलातून वगळण्याची मुभा होती. आपल्या नव्या निर्देशांत एएफएस निधीतली घट भांडवलात धरली जाते. शिवाय आपल्या बँकांना ठेवींच्या आणि देण्यांच्या 18 टक्के रक्कम रोख, सोनं किंवा मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवावीच लागते, आणि रोख रकमेची अडचण आली तर यातले काही रोखे न विकता रिझर्व्ह बँकेकडे तारण ठेवून पैसे उचलता येतात. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात आपला रेपो दर 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हाही आपल्या बँका तगल्या. तरी एक गोष्ट मला खटकते. एचटीएममध्ये किती ठेवायचं यावर पूर्वी असलेली मर्यादा नव्या निर्देशांनी काढून टाकली. विक्रीचे नियम कडक केल्यामुळे ते करता आलं, हे मान्य. पण त्यामुळे बेरजेत न येणारा बाजारभाव वाचण्याची गरज वाढली.

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेच्या अहवालात 'गुंतवणूक घसारा तरतूद' आणि 'गुंतवणूक चढउतार निधी' असे दोन आकडे असतात. दोन्ही एकच ना? वार्षिक सभेत विचारावं का?
– एक सभासद, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही वेगळे आहेत, आणि जरूर विचारा. घसाऱ्याची तरतूद झालेल्या घटीसाठी असते. भाव पडला, तेवढी रक्कम बाजूला काढली. चढउतार निधी पुढच्या घटीसाठी असतो, बरे दिवस असताना नफ्यातून साठवलेला. पहिला आकडा मोठा असेल, तर बँकेला फटका बसला आहे. दुसरा मोठा असेल, तर पुढचा फटका सोसायची तयारी आहे. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचे निर्देश वेगळे आहेत, त्यामुळे वर सांगितलेला एएफएस निधीचा हिशेब तुमच्या अहवालात शोधत बसू नका.

सभेत विचारायचंच असेल, तर दोन आकडे शेजारी ठेवून विचारा. एक, एचटीएममधल्या गुंतवणुकीची वहीतली किंमत आणि आजचा बाजारभाव यांतला फरक. दुसरा, सर्वांत मोठ्या वीस ठेवीदारांच्या ठेवी एकूण ठेवींच्या किती टक्के आहेत. पहिला फरक मोठा आणि दुसरी टक्केवारीही मोठी असेल, तर त्या वीस ठेवीदारांपैकी दोघाचौघांनी एकाच महिन्यात ठेवी मोडल्या तर पैसे कुठून आणणार, हे संचालकांना उभं राहून सांगायला लावा.