म्हातारपणचे जेवण

"आता माझं काय राहिलंय? दोन घास मिळाले की पुरे." घरातली म्हातारी माणसे असे नेहमी म्हणतात. आपण ऐकतो आणि गप्प बसतो. पण हे बोलणे मनावर घेऊ नये.

काम कमी झाले की भाकरी कमी लागते, हे खरे. पण डाळ, दूध, भाजी कमी करून चालत नाही. वय वाढते तसे अंगातले मांस झिजते. हाडे ठिसूळ होतात. त्यात पोटात नुसता चहा आणि भात गेला, तर पायांतले बळ जाते. मग एक दिवस मोरीत पाय घसरतो. खुब्याचे हाड मोडते. कालपर्यंत शेताच्या बांधापर्यंत जाणारे माणूस अंथरुणाला खिळते.

अंगात मांस टिकवायला प्रथिने लागतात. ५० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ४० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. एक पेला दुधात जवळजवळ तेवढीच असतात. ३० ग्रॅम डाळीतही तेवढीच असतात. भाकरीतूनही थोडी मिळतात. म्हणजे महाग वस्तू आणायला नकोत. घरात आहे तेच रोज ताटात पडले पाहिजे.

मग म्हातारी माणसे खात का नाहीत? हट्ट म्हणून नव्हे. त्यांची अडचण निराळी असते. ती ओळखली की अर्धे काम झाले.

दात नाहीत. कडक भाकरी चावत नाही. मग आजी ती बाजूला सारतात आणि चहात पाव बुडवून खातात. त्यांना भाकरी वरणात कुस्करून द्या. मुगाची मऊ खिचडी करा. पालेभाजी बारीक चिरून, डाळ घालून शिजवा. पिठलं, नाचणीची आंबील, शेंगदाण्याचं कूट, ताक यांना दात लागत नाहीत.

चव लागत नाही. वयाबरोबर जिभेची चव कमी होते. मग आजोबा वरून मीठ मागतात. लोणचे, पापड, ठेचा मागतात. मिठाने रक्तदाब वाढतो. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ पोटात जाऊ नये. ५ ग्रॅम म्हणजे सपाट भरलेल्या चहाच्या चमच्याहून थोडे कमीच. लोणच्या-पापडातले मीठही यातच धरायचे. पण मीठ एकदम तोडू नका. एकदम तोडले तर ताट परत येईल. दर आठवड्याला थोडे थोडे कमी करा. त्याजागी लिंबू, कोथिंबीर, जिरे, लसूण वापरा. जीभ हळूहळू सरावते.

चहा फार होतो. चहाने भूक मरते. जेवणाबरोबर चहा घेतला तर भाजीतले लोह नीट अंगी लागत नाही. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा घेऊ नये, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले आहे. चहा बंद करा असे आम्ही म्हणत नाही. त्याची वेळ तेवढी बदला.

उपास फार असतात. सोमवार, गुरुवार, एकादशी. उपास मोडा असेही आम्ही म्हणत नाही. श्रद्धा ज्याची त्याची. पण नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढू नये. दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा, केळे हेही उपासाला चालतेच की!

तहान कळत नाही. म्हातारपणी तहान कमी लागते. रात्री उठावे लागेल म्हणूनही पुष्कळ जण पाणी टाळतात. म्हणून दिवसा मधून मधून पाण्याचा तांब्या पुढे करा.

आता सर्वांत मोठी गोष्ट. सत्तर वर्षांची सवय हुकमाने बदलत नाही. समजा, सून म्हणाली, "आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय, हे खायचंच." आत्याबाई तोंड फिरवतील. तीच सून म्हणाली, "आत्या, तुमच्या आईच्या हातचं हुलग्याचं माडगं कसं व्हायचं? मला शिकवा ना." आत्याबाई चुलीजवळ येऊन बसतील. स्वतः सांगितलेले माडगे चवीने पितील.

एका वेळी एकच बदल करा. तो अंगवळणी पडला की दुसरा करा. मधे एखादा दिवस चुकला तर बोल लावू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. आणि म्हाताऱ्या माणसाला एकटे जेवायला बसवू नका. पंगतीत बसले की दोन घास जास्त जातात. घरातली म्हातारी बाई तर सगळ्यांच्या मागून, उरलेसुरले खाते. तिचे ताट आधी वाढा.

एक जपा. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर काय व किती खावे हे डॉक्टरांना विचारा. वजन एकाएकी उतरले, घास गिळताना ठसका लागू लागला, तर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

आपसात बोला

१. आपल्या घरातले वडीलधारे माणूस काल दिवसभरात काय जेवले?
२. त्यांना कोणता पदार्थ चावायला जड जातो? तो मऊ कसा करता येईल?
३. या आठवड्यात कोणता एक बदल कराल? तो वहीत लिहा.