टार्गेट जोडणाऱ्या भाच्यास

येडगाव, ता. जुन्नर



दादाकडून तुझी बातमी कळली आणि मागोमाग तू पाठवलेली इन्स्ट्रक्शनची यादीही आली. ती मी दोनदा वाचली. तुमच्या गटानं बत्तीस बिटांचा छोटा प्रोसेसर आखला, तो एफपीजीएवर चालूही लागला, आणि आता त्याच्यासाठी जीसीसी या कंपायलरमध्ये नवं टार्गेट लिहून ते मूळ प्रकल्पाकडे पाठवायचं तुझ्या मनात आहे. फार आनंद झाला. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं कंपायलरच्या बॅकएंडमध्ये गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पटणार नाही ते उलट लिहून विचार.

सगळ्यात आधी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेव: नवं टार्गेट लागतंच का? आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अजित हा प्रोसेसर घडवला आणि २०१९ मध्ये तो जगासमोर आला. त्यांनी इन्स्ट्रक्शन सेट स्वतः बनवला नाही, स्पार्क व्ही-८ घेतला. स्पार्क जीसीसीला कितीतरी वर्षांपासून येत होता, त्यामुळे कंपायलरची पायाभरणी नव्यानं करावी लागली नाही. आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ आणि सी-डॅकच्या ‘वेगा’ या प्रोसेसरांनी रिस्क-फाइव्ह हा इन्स्ट्रक्शन सेट घेतला, त्यामागेही हाच हिशेब मोठा आहे. रिस्क-फाइव्ह २०१७ मध्ये जीसीसीच्या सातव्या आवृत्तीत आला. एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर प्रकल्पात तो २०१६ पासून प्रायोगिक म्हणून होता आणि २०१९ मध्ये नवव्या आवृत्तीत त्याला पूर्ण दर्जा मिळाला. जगभरच्या जाणत्या लोकांचं एवढं पाठबळ असूनही तीन वर्षं लागली, हे लक्षात ठेव. तुमच्या प्रोसेसरात पत्त्यांची आठ रजिस्टर वेगळी, आकड्यांची आठ वेगळी, आणि कॅरी फ्लॅग आहे. हे रिस्क-फाइव्हच्या साच्यात बसत नाही, तेव्हा वेगळं टार्गेट हवं हे मला पटलं. पण हा प्रश्न तुला पहिल्याच दिवशी विचारला जाईल. एका पानाचं उत्तर आजच लिहून ठेव.

तू लहानपणापासून आपलं धरण पाहिलं आहेस. माणिकडोहचं पाणी कुकडीतून येतं, डिंभ्याचं डाव्या कालव्यातून येतं, सगळं येडगावात जमतं, आणि इथून निघालेला कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्यापर्यंत जातो. जीसीसीची बांधणी तशीच आहे. वरून सी, सी++, फोर्ट्रान, एडा या भाषा येतात, मध्ये सगळ्यांचा कोड गिम्पल आणि मग आरटीएल या एकाच रूपात येतो, आणि खाली तो वेगवेगळ्या प्रोसेसरांकडे फुटतो. तू काढतो आहेस ती शेवटाकडची एक चारी. एकदा ती नीट जोडली की वरच्या सगळ्या भाषांचं पाणी तुझ्या शेतात येतं, हा या कामातला मोठा लाभ. पण मुख्य कालव्याची पातळी बदलली की चारीचं दार ज्यानं त्यानं पुन्हा बसवायचं असतं. तुला सांगायचं आहे ते मुख्यतः या दाराबद्दल.

पुण्याचंच उदाहरण देते. केपीआयटी या कंपनीच्या अभियंत्यांनी रेनेसासच्या प्रोसेसरांसाठी जीएनयूची साधनं वर्षानुवर्षं तयार करून मोफत दिली. त्यांनीच नॅशनल सेमीकंडक्टरच्या सीआर-१६ या प्रोसेसरचं टार्गेट लिहून जीसीसीला दिलं आणि २०१२ मध्ये ४.७ या आवृत्तीत ते मूळ प्रकल्पात दाखल झालं. पुण्यात लिहिलेला पूर्ण बॅकएंड जीसीसीच्या मूळ झाडात! मला त्याचं अजूनही मोल वाटतं. आज मात्र ते टार्गेट तिथे नाही. २०२१ मध्ये ते काढलं गेलं.

का काढलं, ते नीट समजून घे, कारण तुझ्या कॅरी फ्लॅगशी त्याचा थेट संबंध आहे. तुलना करणारी इन्स्ट्रक्शन फ्लॅग बसवते आणि पुढची शाखा घेणारी इन्स्ट्रक्शन तो वाचते. जुन्या जीसीसीत या फ्लॅगला सीसी-झीरो नावाची आडपडद्याची सोय होती. तुलना आणि शाखा या दोन इन्स्ट्रक्शन कायम लागून राहतील असं त्यात गृहीत धरलेलं होतं. त्यामुळे ऑप्टिमायझरला त्यांच्या मधे काही हलवता येत नसे आणि मधल्या थरातल्या प्रत्येक टप्प्यात या सोयीसाठी वेगळा अपवाद लिहावा लागे. नव्या पद्धतीत फ्लॅग हा इतरांसारखाच एक रजिस्टर म्हणून उघडपणे मांडतात. सीसी-झीरो काढून टाकायचं ठरलं तेव्हा जी टार्गेट त्यावर उभी होती, त्यांना नव्या पद्धतीवर येणं भाग पडलं. एम-६८-के हे त्यातलं एक. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी पहिल्यांदा प्रसिद्ध केला तेव्हा तो व्हॅक्स आणि ६८०२० (हा एम-६८-के घराण्यातला) या दोन प्रोसेसरांसाठी चालत होता, इतकं हे टार्गेट जुनं. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी पैसे गोळा केले आणि २०१९ मध्ये बर्न्ड श्मिट यांनी ते बदलून दिलं. आर्डुइनोच्या बोर्डांवर जो एव्हीआर असतो, त्याचं टार्गेट सेंथिलकुमार सेल्वराज यांनी २०२१ मध्ये बदललं. सीआर-१६ साठी हे काम करून देणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून सीसी-झीरोबरोबर तेही गेलं. कोडमध्ये खोट होती असं नव्हे. सांभाळणारा नव्हता.

उलट उदाहरणही आहे. इंटेलच्या इटॅनियमला जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीत कालबाह्य ठरवलं होतं. लिनक्सच्या कर्नलमधूनही तो निघाला होता. तरी एकानं जबाबदारी घेतली आणि पंधराव्या आवृत्तीत तो शेरा मागे घेतला गेला. म्हणून तू पहिला पॅच पाठवण्याआधी गटातल्या सगळ्यांना बसवून विचार: पदवी हातात पडल्यावर, नोकऱ्या लागल्यावर, पुढची पाच वर्षं याच्याकडे कोण बघणार? जीसीसीत नवा पोर्ट घ्यायचा का आणि त्याचा मेंटेनर कोण, हे स्टिअरिंग कमिटी ठरवते. तिथे नाव द्यावं लागतं. एलएलव्हीएममध्येही नवं टार्गेट आधी प्रायोगिक राहतं, त्यामागे जबाबदार माणूस आणि खुली कागदपत्रं आहेत हे दिसल्यावरच पुढे सरकतं. दोन्हीकडची ही अट मला अगदी योग्य वाटते.

आता लिहिण्याच्या क्रमाबद्दल. जवळचा एखादा बॅकएंड उचलून त्यातली नावं बदलत जायचं, ही वाट सगळे धरतात. तू धरू नकोस. आपल्याला न कळलेल्या शेकडो ओळी त्यात आपल्या नावावर येतात. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी शिकवण्यासाठी एक फार चांगली रीत बसवली. स्पिम हा मिप्स प्रोसेसरचा सिम्युलेटर टार्गेट म्हणून घेऊन त्याचं मशीन डिस्क्रिप्शन पायरीपायरीनं वाढवायचं. आधी पूर्णांकांच्या साध्या नेमणुका चालतील एवढंच लिहायचं, मग अंकगणित, मग फंक्शन कॉल, मग अटी आणि शाखा. प्रत्येक पायरीला कंपायलर बांधून चालवून बघायचा. कोणत्या ओळीमुळे काय चालू लागलं, हे त्यात डोळ्यांसमोर राहतं. २००९ मध्ये त्यांनी सहलेखकांसह डेटा फ्लो ॲनॅलिसिसवर लिहिलेलं पुस्तक आलं, तेही तुमच्या ग्रंथालयात मिळेल. पहिला भाग जड जाईल, तरी सोडू नकोस.

कंपायलरच्याही आधी असेंब्लर आणि लिंकर, म्हणजे बिनयूटिल्सचा भाग, पुरा करून पाठव. त्याशिवाय कंपायलरनं काढलेला कोड तपासणार कशानं? आणि एक सिम्युलेटर हवाच. तुमचा एफपीजीए बोर्ड तपासणाऱ्याच्या टेबलावर नसणार.

तुझ्या फाईलमध्ये मला एक जागा दिसली, तिच्यावर जरा थांबते. चौसष्ट बिटांची बेरीज तू एकाच पॅटर्नमध्ये दोन इन्स्ट्रक्शन लिहून केली आहेस: आधी खालचे बत्तीस बिट मिळवायचे, मग कॅरी धरून वरचे. गणित बरोबर आहे. पण रजिस्टर वाटणाऱ्या टप्प्याला हे दोन टप्पे दिसत नाहीत, त्याला एकच इन्स्ट्रक्शन दिसते. इन्स्ट्रक्शन आपली सगळी इनपुट आधी वाचते आणि मगच निकाल लिहिते, असं तो धरून चालतो. म्हणून निकालाचा खालचा अर्धा भाग ज्या रजिस्टरात एखाद्या इनपुटचा वरचा अर्धा भाग आहे, त्याच रजिस्टरात ठेवायला तो मोकळा असतो. तसं झालं की पहिल्या बेरजेनं दुसऱ्या बेरजेचं इनपुट पुसलं जातं. निकालाच्या कंस्ट्रेंटपुढे अँपरसँडची खूण घाल. तिला अर्ली क्लॉबर म्हणतात. निकाल इनपुट वाचून व्हायच्या आत लिहिला जातो, एवढंच ती सांगते. एका अक्षराची दुरुस्ती आहे. पण ती नसताना तुझ्या सगळ्या छोट्या टेस्ट पास होतील, कारण छोट्या प्रोग्राममध्ये रजिस्टर मुबलक असतात आणि अशी गाठ पडत नाही. मोठ्या फंक्शनात रजिस्टरांची टंचाई झाली की एखाद दिवशी चुकीचं उत्तर येईल, प्रोग्राम मात्र न थांबता चालत राहील.

कंपायलरच्या चुकीची भीती मला याचसाठी वाटते. खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना आहेत, प्रत्येक पंचेचाळीस मीटर व्यासाची. त्यांचे संकेत एकत्र करायचं काम आधी खास बनवलेलं हार्डवेअर करत असे. पुढे तेच काम साध्या सर्व्हरांवरच्या सॉफ्टवेअरकडे आलं. तिथल्या शास्त्रज्ञानं लिहिलेल्या कोडमध्ये चूक असेल तर तो ती शोधून काढेल. कंपायलरनं एक बेरीज बिघडवली तर तो आपल्याच कोडमध्ये महिनोन्महिने शोधत बसेल. तुझा प्रोसेसर उद्या पाण्याच्या मीटरमध्ये बसो की दवाखान्यातल्या यंत्रात, त्याच्यावर प्रोग्राम लिहिणारी माणसं कंपायलरवर संशय घेणार नाहीत. त्यांनी घेऊही नये.

म्हणून जीसीसीबरोबर येणारा टेस्टचा संच पूर्ण चालव, ऑप्टिमायझेशनच्या प्रत्येक पातळीवर. फेल झालेल्या टेस्ट लपवू नकोस. कोणत्या फेल आहेत आणि का, ते पॅचबरोबर लिही. मग सीस्मिथसारख्या साधनानं यादृच्छिक प्रोग्राम तयार करून तपास. युटा विद्यापीठातल्या मंडळींनी २०११ मध्ये त्यावर निबंध लिहिला तोवर त्यांना निरनिराळ्या कंपायलरांत आधी कोणाला ठाऊक नसलेले सव्वातीनशेवर बग सापडले होते, आणि त्यात जगभर वापरातले कंपायलरही होते. बग सापडला की त्याचा प्रोग्राम दहा-पंधरा ओळींपर्यंत खाली आण, सी-रिड्यूस त्यासाठीच आहे, आणि तो छोटा प्रोग्राम दुरुस्तीबरोबर टेस्ट म्हणून कायमचा जोड. तुझ्यानंतर येणाऱ्याला तीच चूक पुन्हा करता येऊ नये.

पॅच छोटे ठेव, एका पॅचमध्ये एकच गोष्ट. वर्णनात काय केलं यापेक्षा का केलं हे जास्त लिही, कोड तर समोर असतोच. शेवटी साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ विसरू नकोस. जून २०२१ आधी कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे लिहून द्यावा लागे, आता हा कोड देण्याचा मला हक्क आहे असं त्या ओळीनं सांगितलं तरी चालतं. पण तसा हक्क तुला खरोखर आहे का, हे कॉलेजकडून लेखी घे. वेळही बघ. नवी आवृत्ती बाहेर पडल्यावर, साधारण उन्हाळ्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, नव्या कामाला दार उघडं असतं. त्यानंतर मुख्यतः दुरुस्त्याच घेतात.

आणि उत्तर उशिरा आलं म्हणून खट्टू होऊ नकोस. तपासणारे बहुतेक जण स्वतःचं काम सांभाळून हे करतात. आठवण नम्रपणे द्यावी. टीका आली तर ती कोडवर आहे असं धरून एकेका मुद्द्याला उत्तर द्यावं. मधल्या काळात दुसऱ्यांच्या टार्गेटमधले लहान बग सोडव. आपलं टार्गेट घेऊन दारात उभ्या असलेल्या अनोळखी मुलापेक्षा, ज्यानं इतरांची अडचण चारदा दूर केली आहे त्याचं म्हणणं लोक लवकर ऐकतात. मला तर वाटतं, मोठा पोर्ट पाठवण्याआधी तू असं एखादं वर्ष घालवावंस. दादाला ते लांबण वाटेल, त्याच्याशी मी बोलेन.

तोवर चौसष्ट बिटांच्या बेरजेची ती दुरुस्ती कर, रजिस्टरांची टंचाई होईल असा टेस्ट प्रोग्राम लिही, आणि खूण घालण्याआधीचा व घातल्यानंतरचा असेंब्ली कोड मला पाठव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या