छिन्नमन आणि मेंदूतील रक्तप्रवाह

घरातला तरुण मुलगा अबोल होतो, कोणी नसताना कोणाला तरी उत्तरे देऊ लागतो. शेजारीपाजारी ‘बाहेरचे काही असेल’ म्हणून मोकळे होतात. नात्यातला एखादा शिकलेला माणूस सुचवतो, ‘मेंदूचा फोटो काढा, म्हणजे कळेल.’ नाशिकसारख्या शहरात आज असा फोटो काढणे अवघड नाही. परंतु त्यात छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, दिसतो काय?

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागते. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे ओघ वाढतो. १९४८ साली अमेरिकेत सीमोर केटी व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मेंदूतील एकूण रक्तप्रवाह मोजला, तर तो निरोगी माणसांइतकाच भरला! पुढे १९७४ मध्ये स्वीडनमधील इंगवार व फ्रान्झेन यांनी किरणोत्सर्गी झेनॉन वापरून निरनिराळ्या भागांतला प्रवाह मोजला. जुन्या रुग्णांत कपाळामागच्या भागातील ओघ तुलनेने मंद आढळला. हा भाग बेत आखण्याचे, विचार बदलण्याचे काम करतो. एकूण पाणी तेवढेच, पण पाटांतली वाटणी निराळी, असे आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत म्हणता येईल.

मला अधिक मोलाचा वाटतो तो १९९३ सालचा लंडनमधील प्रयोग. मॅग्वायर व सहकाऱ्यांनी १२ रुग्णांचे, आवाज ऐकू येत असताना आणि ते थांबल्यानंतर, असे दोनदा चित्रण केले. आवाज येत असताना ‘ब्रोका’ या भागात रक्तप्रवाह वाढलेला होता. हा भाग बोलणे घडवणारा! म्हणजे रुग्ण थापा मारीत नव्हता. ‘देवराई’ (२००४) चित्रपटातील शेषची तगमग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे महत्त्व सांगायला नको.

मात्र हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. कित्येक रुग्णांचा प्रवाह निरोगी माणसासारखाच असतो, शिवाय औषधांनीही तो बदलतो. त्यामुळे एकट्यादुकट्याचे निदान चित्रावरून होत नाही. ते डॉक्टर रुग्णाशी व घरच्यांशी बोलूनच करतात. नेहमीचा एमआरआय तर रक्तप्रवाहासाठी नसतोच. गाठ वगैरे दुसरे कारण नाही ना, एवढेच त्यात मुख्यतः पाहतात. पण ‘रिपोर्ट नॉर्मल’ हे दोन शब्द ऐकले, की घरची माणसे ‘सोंगच करतो आहे’ असा अर्थ काढतात, आणि गोळ्यांची पाकिटे कपाटात तशीच पडून राहतात.