सोनामुखीच्या पानवाढीसाठी पेरणीपूर्व बीजप्रक्रिया

सोनामुखी हे पाने व शेंगांसाठी घेतले जाणारे कोरडवाहू औषधी पीक आहे. तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागात त्याची लागवड फार पूर्वीपासून होते. परभणी जिल्ह्यात जिंतूर, गंगाखेडकडील निचऱ्याच्या हलक्या ते मध्यम जमिनी त्यास मानवतात. गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचून झाडे सडतात. तेथे बीजप्रक्रियेचाही उपयोग नाही.

या पिकात उगवण मागेपुढे होणे ही मोठी अडचण आहे. मटकी भिजत घातली तर काही दाणे खड्यासारखे टणक राहतात, त्यांना आपण गणंग म्हणतो. सोनामुखीच्या बियांत असे टणक बी पुष्कळ असते. कवचातून पाणी आत शिरत नाही म्हणून काही बी आठवड्यात, तर काही तीन आठवड्यांनी उगवते.

धान्याच्या पिकात हा फरक थोडाफार झाकला जातो, पानाच्या पिकात नाही. पहिली तोडणी पेरणीनंतर साधारण 60 ते 70 दिवसांनी, फुलोऱ्यापूर्वी करावयाची असते. फुले लागली की पानांची वाढ मंदावते. उगवण मागेपुढे झालेल्या शेतात त्या दिवशी काही झाडे फुलांवर, तर काही वीतभरच असतात. बीजप्रक्रियेने पाने थेट वाढत नाहीत. रोप लवकर व एकाच वेळी वर येते, त्याला फांद्या फुटण्यास पूर्ण अवधी मिळतो आणि त्या फांद्यांवर पाने येतात.

बियाणे जाड वाळूत मिसळून गोणपाटात 5 ते 10 मिनिटे हलक्या हाताने चोळावे. बियांची चकाकी गेली की थांबावे. जास्त चोळल्यास अंकुर दुखावतो. नंतर रात्रभर, म्हणजे 10 ते 12 तास, साध्या पाण्यात भिजवून सावलीत सुकवावे. पेरण्यापूर्वी किलोस 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. प्रयोगशाळेत टणक बियांसाठी गंधकाम्ल वापरतात, पण ते घरी हाताळणे धोक्याचे असून वाळूने काम भागते. रायझोबियमचे पाकीटही आणू नये. पीक शेंगवर्गीय असले तरी त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत.

आता महत्त्वाची गोष्ट. धूळपेरणी करावयाची असल्यास बियाणे चोळू नये व भिजवूही नये. आपल्याकडे मृगाची एखादी सर पडून पाऊस पंधरा दिवस दडी मारतो. अशा वेळी प्रक्रिया केलेले सर्व बी एकदम फुगते आणि ओल तुटताच मरते. टणक बी मात्र जमिनीत टिकून राहते. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन चांगली ओल झाल्यावरच प्रक्रिया केलेले बी 45 × 30 सेंटिमीटर अंतरावर, 2 सेंटिमीटरपेक्षा खोल न जाऊ देता टोकावे.

पेरणीपूर्वी घरीच 100 चोळलेले व 100 न चोळलेले दाणे वेगवेगळे रात्रभर भिजवावेत आणि सकाळी न फुगलेले दाणे मोजावेत. दोन्हींत फरक नसेल तर चोळणे कमी पडले असे समजावे. शेतातही चार ओळी प्रक्रियेविना ठेवाव्यात आणि पहिल्या तोडणीची पाने सावलीत वाळवून दोन्हींचे वजन वेगळे करावे. ओले वजन फसवे असते. व्यापारी वाळलेली, हिरवी राहिलेली पानेच घेतो.