विहिरीतले पेट्रोल जिवाणूंनी संपवले का?

प्रश्न : विहिरीजवळच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळत होती. ती बदलल्यावर पाण्याचा वास कमी झाला. जिवाणूंनी पेट्रोल संपवले असे समजायचे का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. पावसाने पाणी वाढले की पेट्रोलमधले बेंझीन नुसते विरळ होते आणि वास जातो. जिवाणूंचे काम पाण्याच्या रासायनिक तपासणीत दिसते. ते आधी विरघळलेला ऑक्सिजन वापरतात, मग नायट्रेट. पुढे विरघळलेले लोह वाढते, सल्फेट घटते, शेवटी मिथेन तयार होतो. त्यामुळे गळतीच्या वरच्या अंगाच्या स्वच्छ विहिरीशी तुलना हवीच. भक्कम पुरावा कार्बनच्या समस्थानिकांचा. जिवाणू कार्बन-१२चे हलके रेणू आधी फोडतात, म्हणून उरलेल्या बेंझीनमध्ये कार्बन-१३चे प्रमाण वाढते. पाणी मिसळून हे होत नाही. मात्र ही चाचणी मोजक्याच प्रयोगशाळांत होते.

जिवाणूंच्या कामाचा वेग मात्र फार मंद. अमेरिकेत मिनेसोटातील बेमिजीजवळ १९७९ मध्ये तेलवाहिनी फुटली. तिथे शास्त्रज्ञ अनेक दशके हे विघटन मोजत आहेत. आपल्या बेसाल्ट खडकात पाणी भेगांतून वाहते, त्यामुळे एकाच विहिरीचा नमुना (आणि पंपवाल्याने दाखवलेला एकच अहवाल) पुरेसा मानू नका. आसपासच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासा. जागतिक आरोग्य संघटनेची बेंझीनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. प्रमाण सातत्याने त्याखाली येईपर्यंत हे पाणी पिऊ नका.