पाण्यात उतरा, पण बोलत उतरा

"डॉक्टर, दोन वर्षांचा झाला तरी मोजकेच शब्द बोलतो. पोहायला घातला तर बोलेल का?" उन्हाळा लागला की हा प्रश्न दवाखान्यात येतोच. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या पाहणीत पोहणारी लहान मुलं बोलण्यातही पुढे दिसली, हे पालकांच्या कानावर आलेलं असतं. पण त्या पाहणीचा मोठा भाग पालकांनी दिलेल्या माहितीवर बेतलेला होता. पोहण्यामुळेच बोलणं वाढलं, असा निष्कर्ष मी त्यातून काढणार नाही.

तरीही मी पालकांना पाण्यात उतरायला सांगते. तिथे तुमच्या हातात मोबाइल नसतो आणि मुलाचा चेहरा तुमच्या चेहऱ्यासमोर असतो. घरात असा अर्धा तास सहसा मिळत नाही.

मूल काठावर बसलंय, तुम्ही पाण्यात उभे आहात. हात पुढे करून "एक... दोन..." म्हणा आणि थांबा. चांगले पाच सेकंद थांबा. सुरुवातीला ते नुसतं तुमच्या तोंडाकडे बघेल. मग पाय झाडेल. एखाद्या दिवशी "ती!" म्हणेल. तेवढ्यावर त्याला लगेच पाण्यात घ्या आणि पूर्ण शब्द तुम्ही म्हणा, "तीन! डुबुक!" नीट म्हण, म्हणून अडवू नका. आपण बोललो की काहीतरी घडतं, हे त्याला तिथे कळतं.

तरणतलाव नसेल तर टब आणि तांब्या पुरे. गाळणीतून पाणी गळतं, चमचा बुडतो, बूच तरंगतं, तांब्या भरला, सांडला, रिकामा झाला. जे घडतंय ते त्याच क्षणी, घरच्या भाषेत बोला. बुडबुडे काढल्याने उच्चार सुधारतात म्हणतात, त्याला भक्कम पुरावा नाही. खेळ म्हणून खुशाल खेळा.

मूल कायम हाताच्या अंतरावर हवं, प्रशिक्षक असला तरीही. खेळ संपला की टब-बादली लगेच रिकामी करा; बोटभर पाणीही तान्ह्याला धोक्याचं असतं. जुलाब होत असतील किंवा कान वाहत असेल तर तलावात नेऊ नका.

सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "दूध दे" असे दोन शब्द जोडत नाही, हाकेला वळत नाही, यांपैकी काही दिसलं तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि पोहण्याची फी भरण्याआधी मुलाची श्रवणचाचणी करून घ्या.