प्रणाली बदलली, पत्रे कोठे गेली?

‘विंडोज १०’चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. संगणकावर ‘विंडोज ११’ घेतल्यानंतर ई-मेल उघडेनासा झाल्यास प्रथम ब्राउझरमधून खाते उघडून पाहावे. तेथे पत्रे दिसली, तर ती सुरक्षित आहेत. दोष संगणकावरील प्रोग्रॅममध्ये आहे. जुना ‘मेल’ प्रोग्रॅम तर ३१ डिसेंबर २०२४ नंतर मायक्रोसॉफ्टनेच बंद केला; त्याच्या दुरुस्तीत वेळ दवडणे व्यर्थ होय.

खरी जोखीम ‘पॉप’ पद्धतीच्या खात्यांची. त्यांतील जुनी पत्रे पुष्कळदा त्या एकाच संगणकावर असतात. ‘आउटलुक’मध्ये ती ‘पीएसटी’ फाइलीत साठतात. ग्रामपंचायतीचा अनुदानाविषयीचा सारा पत्रव्यवहार तीत असू शकतो. या फाइलीची प्रत अन्यत्र काढून ठेवल्याखेरीज खाते काढून पुन्हा जोडण्याचा सल्ला, तो कितीही जाणकाराने दिलेला असो, अमलात आणू नये.